आईला टूमस्टोनचं बूटहिल दाखवू का?

रानजाई (टक्सन, ॲरिझोना) | ४ डिसेंबर, रात्री ९:१०

मंडळी, सल्ला हवाय. आई-बाबा पुढच्या आठवड्यात वाईहून येतायत, तीन महिने मुक्काम आहे. ग्रँड कॅन्यन वगैरे ठरलंच आहे. पण परवा फोनवर आई म्हणाली, "तुझ्या घराजवळ ते बंदूकवाल्या काउबॉय लोकांचं गाव आहे ना, तिथे न्यायचंस हं मला." ते गाव म्हणजे टूमस्टोन. आमच्याकडून सव्वा तास. गाव दाखवायला काहीच हरकत नाही. अडलंय ते वेशीवरच्या बूटहिलपाशी, म्हणजे जुन्या दफनभूमीपाशी.

मी गेल्या हिवाळ्यात मैत्रिणींबरोबर गेले होते. पुढे भेटवस्तूंचं दुकान, थोडं तिकीट, माहितीची पुस्तिका हातात, आणि दुकानाच्या पलीकडे उतारावर ओळीने रचलेले दगडांचे ढीग. प्रत्येक ढीग माणसाच्या लांबीचा. उशाशी पाटी. मधे मधे निवडुंग, ओकोटियोच्या काटेरी काठ्या, आणि समोर ड्रगून डोंगर. सुमारे अडीचशे माणसं तिथे पुरलेली आहेत. १८८४ला गावात नवी दफनभूमी झाली, त्याआधीच्या पाच-सहा वर्षांतलीच बहुतेक.

लेस्टर मूर नावाच्या एकाच्या पाटीवर त्याच्या नावावरून कोटी केलेली आहे: पॉइंट ४४च्या चार गोळ्या लागल्या, 'ना लेस, ना मोअर'. तिच्यासमोर फोटोसाठी रांग होती, हसणं-खिदळणं चाललेलं. मीही हसले. मग चार पावलं पुढे गेले तर हातभर लांबीचा ढीग. तान्हं बाळ. त्यानंतर मला तिथे हसू येईना, आणि दुकानातून बाहेर पडताना काही घ्यावंसंही वाटेना.

आमच्या घरी बायका स्मशानात जात नाहीत. आजोबा गेले तेव्हा आई अंगणाच्या फाटकाशी थांबली होती, तिथून पुढे नाही. तिला अशा ठिकाणी तिकीट काढून न्यायचं का? आणि मुळात आपण तिथे कशासाठी जातो?

चहाबाज (फीनिक्स) | ४ डिसेंबर, रात्री ९:४२

बिनधास्त न्या. मी आजवर पाहुण्यांना घेऊन पाचेक वेळा गेलोय. कामाच्या गोष्टी सांगतो. बेन्सनला हायवे सोडून रस्ता ८०ने दक्षिणेला वळायचं. गाव साडेचार हजार फुटांवर आहे, डिसेंबरात सकाळी वारा बोचतो, आईंना कानटोपी द्या. वाट खडबडीत आहे, चप्पल नको, बूट घाला. आणि परतताना रस्ता ८०वर सीमा गस्तवाल्यांचा तपासनाका लागतो. आई-बाबांचे पासपोर्ट जवळ ठेवा, घरी विसरू नका.

कृष्णाकाठ (सांगली) | ४ डिसेंबर, रात्री १०:०५

माझं मत विरोधी आहे. स्मशान ही जाण्याची जागा असते, बघायला जायची नव्हे. आपण जातो ते कुणाला तरी पोचवायला. ज्यांचे कुणी नातेवाईक उरले नाहीत त्यांच्या थडग्यांशी उभं राहून फोटो काढायचे आणि नंतर त्यांच्या नावाचा मग विकत घ्यायचा, हे मला पटत नाही. रानजाईताई, तुम्हाला त्या बाळापाशी जे वाटलं तेच बरोबर होतं.

गणोबा_७२ | ४ डिसेंबर, रात्री १०:११

गावाचं नावच थडग्याचा दगड! तिथे पत्र टाकताना पोस्टमनची काय अवस्था होत असेल :)

दप्तरदार (नागपूर) | ४ डिसेंबर, रात्री ११:३०

गणोबा, नावाची कथा खरी आणि छान आहे. एड शिफेलिन नावाचा एक खाणशोध्या १८७७मध्ये त्या डोंगरांत चांदी शोधत एकटा हिंडायचा. अपाची या तिथल्या मूळ रहिवाशांशी लढाई चालू असलेला मुलूख. वाचूका छावणीतले सैनिक त्याला म्हणाले, तुला तिथे दगड सापडेल तो तुझ्याच थडग्याचा. चांदी सापडल्यावर त्याने आपल्या पहिल्या हक्काच्या जागेला तेच नाव दिलं. १८७९ला गाव वसलं, आणि पाहता पाहता हजारोंची वस्ती झाली. पुढे खाणींत खाली पाणी लागलं, १८८६मध्ये पंप जळाले आणि गाव बसलं.

आता बूटहिलबद्दल. पायात बूट असतानाच, म्हणजे अंथरुणाला न खिळता, मारामारीत मेलेल्यांची टेकडी असा अर्थ. हे नाव कॅन्ससमधल्या डॉज सिटी गावच्या तशाच टेकडीवरून मागाहून चिकटलं. टूमस्टोनचे लोक तिला नुसतं जुनी दफनभूमी म्हणत.

तिथली सगळ्यांत गर्दीची जागा म्हणजे बिली क्लॅन्टन, टॉम मॅक्लॉरी आणि फ्रँक मॅक्लॉरी या तिघांची. २६ ऑक्टोबर १८८१ची ती गोळीबाराची घटना. ओ. के. कोराल या घोड्यांच्या आवारात झाली असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ती फ्रीमाँट रस्त्यालगत, फ्लायच्या फोटो स्टुडिओशेजारच्या चिंचोळ्या मोकळ्या जागेत झाली. अर्ध्या मिनिटाचा खेळ, तीसेक गोळ्या. एका बाजूला मार्शल, म्हणजे गावचा पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि दातांचा डॉक्टर असलेला क्षयरोगी डॉक हॉलिडे. भांडणाचं तात्कालिक कारण फार साधं होतं. गावात हत्यार बाळगून फिरायला बंदी होती आणि समोरच्यांनी ती पाळली नव्हती.

रानजाई, आईंना एक सांगा. त्या काळी कोचीस काउंटीत, म्हणजे टूमस्टोनच्या जिल्ह्यात, 'काउबॉय' ही शिवी होती. सीमेपलीकडून गुरं चोरणाऱ्या टोळ्यांना म्हणत. इमानदारीने गुरं पाळणाऱ्याला ते नाव लावलं तर तो चिडायचा.

तिखटमीठ (ठाणे) | ५ डिसेंबर, सकाळी ७:५०

दप्तरदार, मी फोटोत पाहिलंय. त्या तिघांच्या पाटीवर 'टूमस्टोनच्या रस्त्यांवर खून' असं लिहिलंय. मार्शलने मारलं असेल तर खून कसा?

दप्तरदार (नागपूर) | ५ डिसेंबर, सकाळी ८:३५

त्या पाटीतच त्या गावचं राजकारण आहे. मारले गेल्यावर तिघांना चांगल्या शवपेट्यांत ठेवून दुकानाच्या काचेत मांडलं होतं, आणि वर हाच मजकूर लावला होता. शेकडो लोक अंत्ययात्रेत चालले. म्हणजे अर्ध्या गावाला ते पोलिसांचं काम वाटलं, अर्ध्या गावाला हत्या. न्यायाधीश वेल्स स्पायसर यांनी जवळपास महिनाभर साक्षी ऐकल्या आणि अर्प मंडळींवर खटला चालवायला पुरावा पुरेसा नाही असा निर्णय दिला. पण पाटी हरलेल्यांची राहिली. मला ती जागा म्हणूनच महत्त्वाची वाटते. सरकारदरबारी एक बाजू जिंकली, आणि टेकडीवर दुसऱ्या बाजूचा शब्द उभा आहे.

सूडही थांबला नाही. डिसेंबरात व्हर्जिलवर दबा धरून गोळ्या झाडल्या, त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. मार्च १८८२मध्ये मॉर्गनला बिलियर्ड खेळताना पाठीमागून मारलं.

डॉक्टरीणबाई (पुणे) | ५ डिसेंबर, सकाळी १०:२०

माझ्या आवडीचा विषय निघाला! त्या गावात जॉर्ज गुडफेलो नावाचा शल्यविशारद होता. बंदुकीच्या जखमांवर त्याच्याइतका हात बसलेला माणूस त्या काळात विरळा, कारण रोग्यांची कमतरता नव्हती. फेब्रुवारी १८८१मध्ये ल्यूक शॉर्ट नावाच्या जुगाऱ्याने चार्ली स्टॉर्म्सला अगदी जवळून गोळी घातली. गुडफेलोने जखम तपासली तर गोळीबरोबर रेशमी रुमाल छातीत ओढला गेलेला, आणि रुमाल फाटलेलाच नव्हता. पुढे त्याने अशी आणखी उदाहरणं जमवली आणि १८८७मध्ये रेशमातून गोळी आरपार जात नाही यावर निबंध लिहिला. गोळीरोधक कपड्यांच्या इतिहासात तो निबंध आजही सांगितला जातो. चार्ली स्टॉर्म्स बूटहिलवरच आहे. रानजाई, शोधून बघ.

गणोबा_७२ | ५ डिसेंबर, सकाळी १०:२४

म्हणजे आमच्या आजीची पैठणी हे चिलखत होतं! उगाच नाही आजोबा तिच्यासमोर आवाज चढवत.

लोकलवाला (डोंबिवली) | ५ डिसेंबर, दुपारी १:१५

रसभंग करतो, माफ करा. यातलं खरं किती? लेस्टर मूर नावाचा माणूस झाला की नाही याचीच अभ्यासकांना शंका आहे असं वाचलंय. जॉर्ज जॉन्सनच्या पाटीवर 'चुकून फाशी दिलं, तो बरोबर होता, आम्ही चुकलो' अशा आशयाची कविता. इतक्या टाळीखाऊ ओळी कुणी दुःखात लिहितं का? मला तरी ते पर्यटकांसाठी रचलेलं वाटतं.

दप्तरदार (नागपूर) | ५ डिसेंबर, दुपारी ३:४०

शंका रास्त आहे. मूळच्या पाट्या लाकडाच्या होत्या. काही उन्हापावसाने गेल्या, काही लोकांनी आठवण म्हणून उचलून नेल्या. जागा कितीतरी वर्षं उजाड पडली होती. १९२०च्या दशकापासून गावकऱ्यांनी साफसफाई सुरू केली आणि जुन्या नोंदी, म्हाताऱ्यांच्या आठवणी धरून थडगी पुन्हा लावली. त्यामुळे अमुक पाटीखाली अमुकच माणूस आहे याची खात्री प्रत्येक ठिकाणी देता येणार नाही. जॉन हीथची पाटी तर उघड उदाहरण. त्याचा देह टेक्ससला नेला होता.

तिखटमीठ (ठाणे) | ५ डिसेंबर, दुपारी ४:०२

हा जॉन हीथ कोण? कुणीतरी सविस्तर लिहा ना.

वाळवंटी_बाभूळ (आल्बकर्की) | ५ डिसेंबर, संध्याकाळी ६:३०

मी लिहिते. ही कथा वाचूनच मी पहिल्यांदा तिथे गेले.

८ डिसेंबर १८८३. शेजारच्या बिस्बी गावात दुकानावर दरोडा पडला, चार निरपराध माणसं मेली. त्यात एक बाई गरोदर होती. पाच जणांना फाशीची शिक्षा झाली. सहावा जॉन हीथ. त्याने बेत आखला असा आरोप होता, त्याला जन्मठेप झाली. बिस्बीच्या लोकांना हे पटलं नाही. २२ फेब्रुवारी १८८४ला जमाव आला, त्याला तुरुंगातून काढलं आणि तारेच्या खांबाला लटकवलं. आपले डोळे आपल्याच रुमालाने बांधून तो म्हणाला, माझ्या देहावर गोळ्या झाडू नका. मग मृत्यूच्या कारणाची चौकशी झाली. वरच्याच डॉक्टर गुडफेलोंच्या मतावर निकाल लिहिला गेला: फुफ्फुसाचा विकार, जो गळा आवळल्याने झाला असावा, स्वतः आवळलेला किंवा अन्य प्रकारे. जमावातल्या एकावरही खटला झाला नाही. डॉक्टरीणबाई, तुमच्या गुडफेलोंचं कौतुक मला म्हणूनच अर्धंच करता येतं.

उरलेल्या पाचांना २८ मार्चला एकाच तख्तावर फाशी दिलं. बघ्यांसाठी शेजारी लाकडी पायऱ्यांचा मांडव उभारून तिकिटं विकायचा एकाचा बेत होता. गावात नेली कॅशमन नावाची आयरिश बाई खाणावळ चालवायची, खाणकामगारांची माउलीच होती ती. तुरुंगात त्या पाचांना भेटायला जायची. आदल्या रात्री तिने माणसं जमवून तो मांडव मोडून टाकला. नंतर त्यांचे देह कुणी चिरफाडीसाठी उकरून नेऊ नयेत म्हणून तिने दहा रात्री थडग्यांवर राखण ठेवली असंही सांगतात.

कृष्णाकाठ, मरण बघायला तिकीट नको हे तुमचंच म्हणणं नेलीने तेव्हा कुऱ्हाडीने सांगितलं. तरी मी तिथे जाते. त्या पाचांच्या रांगेपाशी उभं राहिलं की मला आधी ती आठवते.

कृष्णाकाठ (सांगली) | ५ डिसेंबर, रात्री ८:१५

बाभूळताई, हे माहीत नव्हतं. बाई थोरच म्हणायची. पण त्या नेलीने मोडलेला मांडव आज दुकानाच्या रूपाने पुन्हा उभा आहे असंच मी म्हणेन. मी मत बदलत नाही, राग नसावा.

सह्यकडा (भोर) | ५ डिसेंबर, रात्री ९:००

अवांतर. दप्तरदारांनी १८७९ लिहिलं आणि थबकलो. त्याच वर्षी जुलैमध्ये वासुदेव बळवंत फडक्यांना पकडलं. इंग्रजांच्या कागदांत ते दरोडेखोर. १७ फेब्रुवारी १८८३ला एडनच्या तुरुंगात वारले. एकाच काळात दोन टोकांना माणसं 'कायद्याबाहेरची' ठरत होती. तो शब्द कोण वापरतंय हे आधी बघावं.

दप्तरदार (नागपूर) | ५ डिसेंबर, रात्री ९:२५

सह्यकडा, शब्दाबद्दल सहमत, तुलनेबद्दल नाही. फडक्यांनी रामोशी-कोळी-धनगरांना घेऊन राज्याविरुद्ध हत्यार उचललं, दुष्काळात पिचलेल्या लोकांसाठी. क्लॅन्टन मंडळी गुरं चोरत होती. एका ओळीत बसवू नका. त्या मुलखात सरकारविरुद्ध उभं राहिलेलं कुणी शोधायचंच तर अपाचींकडे बघा. कोचीस हे त्यांच्या पुढाऱ्याचं नाव, आणि तेच काउंटीला दिलं.

सह्यकडा (भोर) | ५ डिसेंबर, रात्री ९:३१

हे मान्य. शब्दापुरतंच म्हणायचं होतं.

पानगळ (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) | ६ डिसेंबर, सकाळी ६:४५

बे एरियातल्या, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासच्या मंडळींसाठी: वायट अर्पला भेटायला ॲरिझोनाला जायची गरज नाही. तो १३ जानेवारी १९२९ला लॉस एंजेलिसमध्ये वारला. बायको जोसेफीन ज्यू होती, म्हणून त्याच्या अस्थी कोल्मामधल्या ज्यू दफनभूमीत आहेत. कोल्मात जिवंत माणसं दोन हजारांच्या आत-बाहेर आणि पुरलेली दहा लाखांच्या वर. मी गेले तेव्हा दगडावर लोकांनी ठेवलेले बारके खडे होते, ज्यू रीतीप्रमाणे. कुणीतरी एक खेळण्यातली बंदुकीची गोळीही ठेवली होती, ती तिथल्या माळ्याने माझ्यादेखत उचलली आणि खडे तसेच ठेवले.

वाळवंटी_बाभूळ (आल्बकर्की) | ६ डिसेंबर, सकाळी ९:१०

आमच्या न्यू मेक्सिकोत फोर्ट सम्नरला बिली द किड या नामचीन बंदूकबाजाचं थडगं आहे. त्याचा दगड १९५०मध्ये चोरीला गेला तो १९७६ला टेक्ससमध्ये सापडला. १९८१ला पुन्हा चोरला. आता लोखंडी पिंजऱ्यात आहे. जिवंतपणी तुरुंगातून पळाला, मेल्यावर गजाआड.

आणि रानजाई, बूटहिलवर सगळे बंदूकवालेच आहेत असं समजू नका. घटसर्प, न्यूमोनिया, खाणीतले अपघात. बाळंतपणात क्लोरोफॉर्म जास्त झाल्यामुळे गेलेली एक बाईही त्या पुस्तिकेत आहे. कितीतरी पाट्यांवर नुसतं 'अनोळखी'.

चहाबाज (फीनिक्स) | ६ डिसेंबर, सकाळी ९:४०

+१. चिनी लोकांचा भागही चुकवू नका. चायना मेरी नावाची बाई तिथल्या चिनी वस्तीची कर्तीसवरती होती. गावात चिनी नोकर हवा असेल तर तिच्याकडे जायचं, चोरी-लबाडी झाली तर भरपाई ती देणार, अशी जबाबदारी घ्यायची. १९०६ला वारली. उताराखाली ज्यू लोकांची जागा आहे, तिथे १९८४ला स्मारक उभारलंय.

रानजाई (टक्सन, ॲरिझोना) | १९ डिसेंबर, रात्री १०:२०

काल जाऊन आलो. धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांचं वाचून गेले होते.

आईला गाडीतच सगळं सांगितलं आणि म्हटलं, तू दुकानात बस, आम्ही दहा मिनिटांत येतो. ती म्हणाली, "मी वाईहून दुकानात बसायला आलेय का?" पदर डोक्यावर घेतला, कानटोपी त्याच्यावर, आणि पुस्तिका हातात घेऊन निघाली. बाबा मागे.

ती एकेक ओळ वाचत गेली. इंग्रजी अडलं की मला विचारायची. लेस्टर मूरपाशी थांबलीच नाही. त्या तिघांपाशी मी काउबॉय म्हणजे शिवी वगैरे दप्तरदारांचं सांगत होते, तर तिने मधेच विचारलं, "हा बिली किती वर्षांचा?" एकोणीस. "आपल्या ओंकारएवढा," म्हणाली (माझा भाचा), आणि दगडांवर अडकलेलं चॉकलेटचं वेष्टन उचलून पर्समध्ये टाकलं.

डॉक्टरीणबाई, चार्ली स्टॉर्म्स सापडला. आईला रेशमाची गोष्ट फार आवडली, बाबांना दोनदा सांगितली. नेलीची गोष्ट सांगितली तेव्हा मात्र गप्प झाली आणि त्या पाचांची नावं एकेक करून मला वाचायला लावली.

सगळ्यात जास्त वेळ ती अनोळखी पाट्यांपाशी होती. पानगळ, तुमच्या त्या खड्यांचं मी तिला सांगितलं होतं. तिने वाटेतले चार-पाच बारके खडे वेचले आणि हातभर लांबीच्या ढिगावर ठेवले. हात जोडले नाहीत, पुटपुटली नाही. नुसते ठेवले, नीट, एकाला एक लावून. मग म्हणाली, "चल, वारा फार आहे."

घरी आल्यावर आधी आंघोळ, मग चहा. बाबांनाही पाठवलं. कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं मी तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्यांचं बरोबर आहे, पण या लोकांना पोचवायला तेव्हा तरी कोण आलं असेल.

कृष्णाकाठ (सांगली) | २० डिसेंबर, सकाळी ८:०५

आईंना माझा नमस्कार सांगा. त्या बाळाच्या पाटीवर नाव होतं का?

रानजाई (टक्सन, ॲरिझोना) | २० डिसेंबर, सकाळी ८:४०

नव्हतं. आईनेही तेच शोधलं.

चहाबाज (फीनिक्स) | २० डिसेंबर, सकाळी ९:१५

नाक्यावर पासपोर्ट मागितले का?

रानजाई (टक्सन, ॲरिझोना) | २० डिसेंबर, सकाळी ९:२२

मागितले, आणि जवळ होते. तुमच्यामुळे, धन्यवाद! पानगळ, फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन सॅन होजेला बहिणीकडे येतेय. आईने आत्तापासून कोल्माची चौकशी चालवलीय. तुम्ही याल का बरोबर?

पानगळ (फ्रीमाँट, कॅलिफोर्निया) | २० डिसेंबर, सकाळी १०:०५

येते तर! शनिवार धरा, मला सुट्टी असते. कोल्माला धुकं आणि वारा दोन्ही असतं, ती कानटोपी विसरू नका.